गलांडा : उपासावर फुलणारें फूल



सणावाराच्या दिवशीं फूलबाजारांतून फुलांची पुडी घरीं आली म्हणजे तिच्यांत झेंडू, शेवंती, ॲस्टर यांच्या जोडीला एक तांबडें-पिवळें, किंचित् खरखरीत फूल पुष्कळदां असतें. मध्यभागीं तपकिरी बोंड, त्याभोंवतीं तांबड्या पाकळ्या आणि पाकळ्यांच्या टोकांना पिवळी किनार. फुलवाला त्याला गलांडा म्हणतो; बागेचे शौकीन गॅलार्डिया म्हणतात. हाराच्या दोऱ्यांत तें झेंडूच्या शेजारीं निमूटपणें बसतें, आणि हें आलें कोठून, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीं.

आज या फुलाची ओळख करून देण्याचें मीं योजिलें आहे. त्याला कारण शहरांतल्या पुष्कळ घरांतून ऐकूं येणारी एक तक्रार. रोपवाटिकेंतून मोठ्या हौसेनें आणलेलें गलांड्याचें रोप दोन महिन्यांत मान टाकतें. "रोज पाणी घातलें, खत घातलें, तरी गेलें", असें सांगणारा मनुष्य खरोखरच कष्टी झालेला असतो. परंतु त्याच्या वाक्यांतला 'तरी' हा शब्द काढून त्या जागीं 'म्हणून' हा शब्द घातला, तर रोगाचें निदान त्या वाक्यांतच सांपडतें. रोज पाणी घातलें, खत घातलें, म्हणून गेलें! हें असें कां होतें, तें समजून घ्यावयाचें तर आपणांस प्रथम या फुलाच्या माहेरीं जाऊन यावें लागेल.

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं उत्तरेकडून दक्षिणेकडे गवताळ मैदानांचा एक विस्तीर्ण पट्टा पसरलेला आहे. त्याच्या पश्चिमेस रॉकी पर्वताच्या रांगा उभ्या आहेत. पश्चिमेच्या महासागरावरून येणारे वारे आपलें पाणी वाटेंतल्या डोंगररांगांवर सांडतात आणि पलीकडच्या मैदानांत कोरडे होऊन उतरतात. सह्याद्रीचा माथा ओलांडल्यावर आपल्याकडे मावळ आणि माणदेश यांत जें अंतर पडतें, तशांतलाच हा प्रकार. या पर्वताच्या पूर्वेस, माँटाना राज्यांत, ग्रेट फॉल्स नांवाचें शहर आहे. तेथें पाऊस आणि वितळलेलें बर्फ मिळून वर्षाकाठीं सुमारें १५ इंच पाणी पडतें. आपल्या पुण्यास सुमारें २८ इंच पाऊस पडतो आणि मुंबईस त्याच्या सुमारें तिप्पट. तेथील हिंवाळा हाडें गोठविणारा, उन्हाळा कोरडा, वारा अखंड, आणि टेकड्यांच्या उतारावरची माती वाळूखड्यांची व निकस. अशा जागीं जून ते ऑगस्ट या महिन्यांत गलांड्याची रानटी जात फुलते.

१८०४ ते १८०६ या काळांत मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम अमेरिकन सरकारनें पाठविली होती. मिसूरी नदीच्या काठानें जाऊन ती पॅसिफिक महासागरापर्यंत पोहोंचली. परतीच्या वाटेवर, ७ जुलै १८०६ रोजीं, रॉकी पर्वतांतल्या कोरड्या टेकड्यांवर लुईस यानें या फुलाचा नमुना खुडला आणि कागदांत दाबून ठेविला. पुढें फ्रेडरिक पर्श या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८१४ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन करून त्यास 'गॅलार्डिया ॲरिस्टाटा' असें नांव दिलें. यांतला गॅलार्डिया हा भाग म्हणजे आडनांव समजा. फ्रान्समधील गेयार द शाराँतोनो नांवाच्या, वनस्पतिविद्येस आश्रय देणाऱ्या एका न्यायाधिकाऱ्याच्या स्मरणार्थ तें अठराव्या शतकांतच ठरून गेलें होतें. 'ॲरिस्टाटा' म्हणजे कुसळें असलेलें. फूल वाळून त्याचें बोंड झालें म्हणजे प्रत्येक बियेच्या माथ्यावर कुसळासारखीं टोंकें दिसतात, त्यावरून हें नांव.

आतां या घराण्याची थोडी वंशावळ सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून लागवडीच्या पुस्तकांतलीं परस्परविरोधी वाक्यें उलगडत नाहींत. कोणी या झाडास वर्षायु म्हणतो, कोणी बहुवर्षायु म्हणतो, आणि दोघेही खरें बोलतात. या घराण्यांत दोन बहिणी प्रसिद्ध आहेत. उत्तरेकडची, म्हणजे आतां सांगितलेली ॲरिस्टाटा, ही बहुवर्षायु आहे. हिंवाळ्यांत तिचा वरचा भाग वाळून जातो, परंतु जमिनीलगतचा बुंधा जिवंत राहून वसंतांत पुन्हां फुटतो. दक्षिणेकडची बहीण पुल्चेला. तिचें गांव टेक्सास, ओक्लाहोमा आणि मेक्सिको. ती बहुधा वर्षायु आहे. उगवणें, फुलणें, बीं टाकणें आणि मरणें हा सारा संसार ती एका वर्षांत उरकते. ओक्लाहोमा राज्यानें १९८६ मध्यें या दक्षिणेच्या बहिणीला आपलें राज्य-रानफूल म्हणून मान दिला. पुढें युरोपांतल्या बागांतून या दोघी शेजारीं शेजारीं आल्या आणि १८५७ च्या सुमारास बेल्जममध्यें त्यांच्या संकरांतून मोठ्या फुलांची एक नवी जात निपजली. तिला 'ग्रँडिफ्लोरा' म्हणतात. दक्षिणेकडचा फुलण्याचा सोस आणि उत्तरेकडचा टिकाऊ बुंधा, असे दोन्ही गुण तिच्यांत थोडेथोडे उतरले आहेत.

आपल्या अहिल्यानगर, पुणें या भागांतले शेतकरी हारांकरितां जो गलांडा शेतांत लावतात, तो बहुतांशीं दक्षिणेच्या वर्षायु बहिणीचा. रोपवाटिकेंत कुंडींत फुललेलें मोठ्या फुलाचें जें बुटकें रोप मिळतें, तें बहुधा संकराचें. आपण घरीं आणतों तें हेंच, आणि आजचें विवेचन मुख्यतः त्याच्याविषयीं आहे.

या फुलाची रचनाही पाहण्यासारखी आहे. गलांड्याचें 'फूल' हें एक फूल नव्हेच. तो फुलांचा मेळा आहे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, आपल्या पठारांवरची सोनकी, हीं सारीं याच कुळांतलीं असून सर्वांची रीत हीच. देठाच्या रुंदावलेल्या माथ्यावर इवलीं इवलीं फुलें दाटीनें बसतात; त्या समुदायास शास्त्रांत स्तबक असें म्हणतात. कडेच्या ज्या पट्ट्यांना आपण पाकळ्या म्हणतों, त्यांतली प्रत्येक पट्टी म्हणजे एक स्वतंत्र फूल असून तिच्या टोकाला बहुधा तीन दांते असतात. गलांड्याचीं हीं कडेचीं फुलें बहुधा वांझ असतात. त्यांचें काम दुकानावरच्या पाटीचें; मधमाशीनें दुरून पाहावें आणि आंत यावें, एवढेंच. खरा व्यापार मधल्या बोंडांत चालतो. तेथें शंभराच्या आसपास बारीक नळीसारखीं फुलें असतात आणि तीं कडेकडून मध्याकडे क्रमाक्रमानें उमलत जातात. त्यामुळें एकाच स्तबकावर माशीला कित्येक दिवस ताजें अन्न मिळत राहतें.

त्याच्या मायदेशीं, कोलोरॅडोच्या टेकड्यांत, एक लहानसा पतंग आहे. शास्त्रीय नांव शिनिया मेसोनी. त्याचें डोकें व छाती पिवळी आणि पंख तांबडे. गलांड्यावर तो बसला म्हणजे फुलाच्या रंगांत असा मिसळतो कीं, शोधणाऱ्याची नजरही चुकते. त्याचे सुरवंट याच फुलावर पोसतात. रंगाचें हें साम्य घडण्यास किती पिढ्या लोटल्या असतील, याचा विचार केला म्हणजे बाजारांतल्या त्या पुडीकडे पाहण्याची आपली दृष्टि थोडी बदलते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दुष्काळांत हें झाड तगतें कसें?

त्याचे तीन उपाय आहेत. पहिला उपाय मुळाचा. त्याचें सोटमूळ सरळ खालीं जातें आणि वरची माती वाळली तरी खालची ओल शोधून काढतें. दुसरा उपाय लवेचा. पानें आणि खोड हाताला खरखरीत लागतात, कारण त्यांवर बारीक केंस असतात. हे केंस उन्हाचा कांहीं भाग परतवितात आणि पानालगतची हवा वाऱ्यानें लगेच उडूं देत नाहींत. पानांतली वाफ त्यामुळें सावकाश बाहेर पडते. तिसरा उपाय मांडणीचा. बरीचशीं पानें जमिनीलगत घोळक्यानें असतात. उंच वाढतात ते फुलांचे दांडे. पुढच्या वर्षाचे फुटवे ज्यांतून यावयाचे, तो बुंधा मातीच्या आसऱ्याला सुरक्षित राहतो.

हे तिन्ही उपाय कोरडेपणाशीं झगडण्याचे आहेत. चिखलाशीं झगडण्याचा एकही उपाय या झाडापाशीं नाहीं. येथेंच आपल्या तक्रारीचें मूळ आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, ही गोष्ट आपण विसरतों. मातीच्या कणांमध्यें ज्या पोकळ्या असतात, त्यांतल्या हवेंतून मुळें प्राणवायु घेतात. रोज पाणी ओतल्यानें त्या पोकळ्या पाण्यानें भरून राहतात, आणि पाण्यांतून प्राणवायु हवेच्या मानानें सुमारें दहा हजारपट मंद गतीनें पसरतो. मुळें गुदमरतात, गुदमरलेल्या मुळांत बुरशी शिरते, आणि तीं कुजूं लागतात.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कुजलेलें मूळ पाणी वर चढवूं शकत नाहीं. पाण्यांत बुडालेलें असूनही झाड तहानलेल्या झाडासारखी मान टाकतें. घरांतलें मनुष्य तें पाहतें आणि दयेनें आणखी एक तांब्या ओततें. येथें रोग आणि उपचार यांचें चक्र पुरें होतें. मान टाकलेलें रोप तहानेलें आहे कीं बुडालेलें आहे, हें पानावरून कळत नाहीं. तें मातींत बोट घालूनच कळतें.

खताचेंही असेंच आहे. निकस मातींत वाढणाऱ्या या झाडास भरपूर नत्र मिळालें, तर तें पानेंच पानें काढतें. दांडे लांबट व लेचेपेचे होतात, वाऱ्यानें लोळतात आणि फुलें कमी येतात. "अति तेथें माती" ही म्हण आपण माणसांना लावतों. या झाडाच्या बाबतींत ती अक्षरशः खरी ठरते.

मी ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथें सातवीच्या मुलांकडून आम्हीं एके वर्षीं एकाच दिवशीं गलांड्याचे दोन वाफे लावविले होते. एक वाफा नळाच्या चौथऱ्याशेजारीं, काळ्या मातीचा. दुसरा कुंपणालगत, मुरमाड जागेंत. कोणता वाफा जिंकेल, असें विचारतां वर्गानें एकमुखानें नळाजवळच्या वाफ्याला कौल दिला. पहिला महिनाभर कौल बरोबर आहे असें दिसलें. तेथलीं रोपें दुप्पट उंच झालीं होतीं. नंतर तीं लोळूं लागलीं आणि मग एकामागून एक पिवळीं पडलीं. कुंपणाजवळचीं रोपें मात्र बुटकीं राहून फुलांनीं भरून गेलीं. मुलांनीं दोन्ही वाफ्यांतलें एक-एक रोप उपटून मुळें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं, तेव्हां त्यांना कोणी कांहीं सांगण्याची गरज उरली नाहीं. एका हातांत लांब, पिंवळट पांढरें, ताठ मूळ. दुसऱ्या हातांत आंखूड, काळपट आणि बोटानें दाबतांच सोलून येणारें.

आतां लागवडीची रीत क्रमानें सांगतों.

जागा. या झाडास दिवसांतून निदान सहा तास थेट ऊन पाहिजे. सांवलींतल्या गॅलरींत तें जगेल, पण फुलणार नाहीं. गच्ची, दक्षिणेची किंवा पश्चिमेची खिडकी, अंगणाचा उघडा कोपरा, या जागा उत्तम.

माती. कुंडी दहा-बारा इंचांची आणि तळाशीं मोकळें भोंक असलेली घ्यावी. मातीची कुंडी असल्यास अधिक चांगलें, कारण तिच्या अंगांतूनही ओल उडून जाते. दोन भाग साधी बागेची माती, दोन भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि अर्धा भाग चांगलें कुजलेलें शेणखत, एवढें मिश्रण पुरें. भोंकावर एक खापरी उलटी ठेवावी, म्हणजे माती वाहून जाणार नाहीं. तळाशीं खडीचा जाड थर घालण्याची चाल आहे. परंतु त्यानें निचरा सुधारत नाहीं. पाणी खडीच्या वरच्या मातींतच अडून राहतें आणि मुळांची जागा मात्र कमी होते. अंगणांत काळी माती असेल, तर वीतभर उंचीचा वरंबा करून त्यावर रोपें लावावीं.

बीं. घरगुती लागवडीस पाऊस ओसरल्यावरचे दिवस, म्हणजे सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर, हे सोयीचे. उथळ पेटींत बीं पसरून वर नखभर मातीचा नुसता शिडकावा करावा. खोल पुरूं नये, कारण या बियांना उगवण्यास उजेडाची मदत होते. साधारणतः एक ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. रोपांना चार-सहा पानें आलीं म्हणजे, सुमारें महिना-सव्वा महिन्यानें, तीं कायमच्या जागीं हलवावीं. सोटमूळ दुखावूं नये म्हणून फार मोठें होऊं देऊन हलवूं नयेत. जमिनींत दोन रोपांत एक ते दीड फूट अंतर ठेवावें. कुंडींत एकच रोप लावावें. रोप रुजल्यावर एकदां शेंडा खुडला, तर त्याला फुटवे चांगले येतात. पेरल्यापासून अडीच-तीन महिन्यांनीं पहिलीं फुलें दिसतात. उत्तरेकडच्या शुद्ध जातीचें बीं मिळवून पेरलें, तर मात्र पहिलें वर्ष पुष्कळदां पानांतच जातें. तेवढा धीर धरावा.

पाणी. नवें रोप मूळ धरीपर्यंतचे पहिले दोन-तीन आठवडे त्यास नियमानें पाणी द्यावें. 'दुष्काळ सोसणारें' हें विशेषण रुजलेल्या झाडाचें आहे, कालच्या रोपाचें नव्हे. त्यानंतर बोटाची दोन पेरें मातींत घालून पाहावें. ओल लागली, तर त्या दिवशीं पाणी देऊं नये. कोरडें लागलें, तर तळच्या भोंकांतून थेंब येईपर्यंत भरपूर द्यावें, आणि मग पुन्हां बोट कोरडें लागेपर्यंत तांब्या दूर ठेवावा. रोज घोटभर पाण्यानें मुळें वरच्या वरच राहतात. आठवड्यांतून एखाद-दोनदां पोटभर दिल्यानें तीं खालीं जातात. मात्र एक ध्यानांत ठेवावें. जमिनींतलें झाड मूळ खोल नेऊं शकतें, कुंडींतलें झाड कुंडीच्या तळापर्यंतच जाऊं शकतें. मे महिन्यांतल्या तापलेल्या गच्चीवर कुंडी रोजच्या रोज वाळूं शकते, आणि मग रोजही पाणी द्यावें लागतें. यासाठींच मीं वार न सांगतां बोट सांगितलें. बशींत सांचलेलें पाणी ओतून टाकावें.

खुडणी. सुकलेलीं फुलें देठासकट, खालच्या पानापर्यंत कापून काढावीं. फूल वाळून बीं धरूं लागलें म्हणजे झाडाची शक्ति तिकडे वळते. तें काढलें तर नव्या कळ्या येत राहतात. पूजेला फुलें काढणाऱ्या घरीं हें काम आपोआपच होतें. बीं पाहिजे असेल, तर हंगामाच्या शेवटीं दोन-चार बोंडें झाडावरच वाळूं द्यावीं. संकरित झाडाच्या बियांतून आईसारखींच मुलें निपजतील अशी खात्री मात्र धरूं नये. रंग आणि उंची यांत फरक पडतो. हुबेहूब तेंच झाड पाहिजे असल्यास थंडीच्या आरंभीं बुंधा उकरून, मुळांसह त्याचे दोन-तीन भाग करून लावावेत.

रोग. भुरी आणि पानांवरचे ठिपके हे ओलसर, कोंदट जागेंत पडतात. हवा खेळती ठेवली व पाणी पानांवर न घालतां बुडाशीं घातलें, कीं बहुतेक टळतात. कधींकधीं फुलें रंगाचीं न येतां हिरवट व वेडींवांकडीं येऊं लागतात. हा तुडतुड्यांनीं पसरविलेला रोग असतो. त्यावर औषध नाहीं. तें झाड उपटून टाकावें, म्हणजे बाकीचीं वांचतात.

येथवर झाली झाड जगविण्याची गोष्ट. आतां त्याच्या मरण्याची गोष्ट सांगितली नाहीं, तर तें अपुरें होईल. बहुवर्षायु म्हणून आणलेलें संकरित गलांड्याचें झाड, सारी काळजी घेतली तरी, बहुधा दोन-तीन वर्षांत संपतें. यांत फसवणूक नाहीं. कोणत्याही झाडाजवळ अन्नाचा सांठा मोजका असतो. तो फुलांत घालावयाचा, कीं बुंध्यांत राखून ठेवावयाचा, एवढाच निर्णय त्याच्या हातीं असतो. उत्तरेकडची रानटी बहीण थोडे दिवस फुलते आणि उरलेला सांठा बुंध्यांत ठेवते. दक्षिणेकडची सारें फुलांत उधळते आणि वर्षांत संपते. संकरांत आपण माणसांनीं हौसेनें महिनोंमहिने फुलण्याचा गुण निवडून घेतला. त्याची किंमत बुंध्याला भरावी लागते. म्हणून तिकडचे जाणते माळी हंगाम संपण्याआधींच, झाड फुलांत असतांनाच, तें जमिनीपासून सहा इंचांवर छाटतात. पाहणाऱ्याला हें निष्ठुर वाटतें. परंतु त्यामुळें बुडाशीं नवीं पानें फुटतात, तीं अन्न करून बुंध्यांत सांठवितात, आणि झाड आणखी एक वर्ष काढतें. आपल्याकडे खरा कसोटीचा काळ हिंवाळा नसून पावसाळा आहे. तेव्हां मेच्या अखेरीस छाटणी करावी आणि कुंडी पागोळ्या न लागतील अशी वळचणीखालीं, पण उजेडांत, सरकवावी. मुंबई-कोंकणांतल्या पावसांत उघड्यावर ठेवलेलें झाड वांचलें, तर तें नशीब समजावें. तेथें दर वर्षीं नवें बीं पेरणें हाच शहाणपणा.

दोन गोष्टी सावधगिरीच्या. गाजरगवत आपल्या सर्वांच्या परिचयाचें आहे. तेंही याच कुळांतलें, अमेरिकेहूनच आलेलें, आणि १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम नजरेस आलें. त्याच्या स्पर्शानें ज्यांच्या अंगावर खाज व पुरळ उठतो, त्यांनीं गलांडा हाताळतांनाही जपावें. दोन्ही झाडांत एकाच वर्गांतले त्वचेस झोंबणारे पदार्थ आहेत. एकाचा त्रास असणाऱ्यास दुसऱ्याचाही होण्याचा संभव असतो. खुडणीच्या वेळीं हातमोजे घालावेत, आणि पुरळ उठल्यास वैद्यास दाखवावें. दुसरी गोष्ट, उरलेलें बीं फिरायला गेलेल्या माळावर किंवा गडावर उधळूं नये. कासच्या पठारासारख्या आपल्या सड्यांवर त्यांचीं स्वतःचीं फुलें आहेत. त्यांची जागा त्यांनाच असूं द्यावी. गाजरगवतानें शिकविलेला धडा एकदां पुरे आहे.

शहरांतल्या घरांत उन्हाळ्यांत पाणी मोजून वापरावें लागतें, आणि ज्या घरीं पिण्याच्या पाण्याची ओढाताण, तेथें बाग ही चैन वाटूं लागते. अशा घरांना गलांडा हें सोयीचें फूल आहे. मात्र तें लावणाऱ्याला पाणी घालण्यापेक्षां न घालण्याची संवय करावी लागते, आणि ही संवय हौशी मनुष्याला फार जड जाते. ज्यांच्या घरीं आज एखादें गलांड्याचें रोप मलूल होऊन बसलें असेल, त्यांनीं उद्यां सकाळीं तांब्या उचलण्यापूर्वीं मातींत बोट घालून पाहावें. ओल लागली, तर कुंडी उचलून उन्हांत ठेवावी, बशी काढून टाकावी आणि चार-आठ दिवस वाट पाहावी. मूळ पुरतें गेलें नसेल, तर बुंध्यापाशीं लवदार, करड्या-हिरव्या पानांचा नवा फुटवा दिसेल.